पानाची मागची बाजू: कोल्हापुरातल्या परसबागेतील रसशोषक किडी

झाडाच्या पानाला भोक पडले, कड कुरतडलेली दिसली किंवा खाली काळ्या लेंड्या पडलेल्या आढळल्या, तर अळीचा संशय कोणीही घेतो आणि शोधल्यावर ती बहुधा सापडतेही. रस शोषणाऱ्या किडींचे तसे नसते. त्या पान खात नाहीत. आपली बारीक सोंड पेशींत किंवा अन्नरसाच्या नळीपर्यंत खुपसून बसतात, आणि आपल्याला दिसतो तो केवळ परिणाम: आकसलेला शेंडा, पिवळटलेले पान, चिकट झालेली फरशी, गळून पडलेली कळी. परिणाम एकसारखे दिसत असल्यामुळे सगळ्यावर एकच शेरा मारला जातो, ‘झाडावर रोग पडलाय’, आणि एकच उपाय सांगितला जातो, ‘औषध मारा’. कोणते औषध आणि कोणावर, हा प्रश्न मागे राहतो. गेल्या हिवाळ्यापासून मी आमच्या घरच्या बागेत हा प्रश्न जरा चिकाटीने लावून धरला, त्याचे हे कथन आहे.

आमचे घर राजारामपुरीत आहे. मागच्या बाजूच्या अरुंद परसात जास्वंद, कढीपत्ता, लिंबू आणि एक पपई अशी मातीतली झाडे आहेत, तर गच्चीवर कुंड्यांमध्ये गुलाब, शेवंती, मिरची, वांगी आणि कठड्यावर चढवलेला पावट्याचा वेल. एवढ्याशा जागेत रसशोषक किडींचे जवळपास सगळे कुळ भेटते: मावा, तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड, आणि कीटक नसूनही याच पंगतीला बसणारे कोळी, म्हणजे घरात जाळे विणणारे नव्हेत, तर पानाचा रस शोषणारे अगदी बारीक कोळी (माइट). कोळ्याला आठ पाय असतात, कीटकाला सहा. हा भेद पुस्तकी वाटला तरी औषधाच्या बाटलीशी त्याचा थेट संबंध आहे, तो पुढे येईल.

साधने फार लागली नाहीत. दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, एक पांढरा कोरा कागद आणि नोंदींची वही एवढे पुरले. सकाळी ऊन चढण्याआधी फेरी मारायची, प्रत्येक झाडाचा कोवळा शेंडा, एक मधले पान आणि एक जुने पान उलटून पाहायचे, आणि जे दिसेल ते त्या झाडाच्या नावापुढे लिहायचे. पानाच्या वरच्या बाजूला या किडी क्वचितच असतात. ऊन, पाऊस आणि पक्षी यांपासून आडोसा मिळतो तो खालच्या बाजूला, त्यामुळे फवारणीही खालूनच झाली पाहिजे. वरून कितीही पाणी उडवले तरी त्यांच्या अंगाला थेंब लागत नाही.

सुरुवात पावट्यापासून झाली, कारण तिथला मावा लपून राहण्यातला नव्हता. हिवाळ्यात ढगाळ हवा पडली की पावट्याच्या कोवळ्या शेंड्यांवर आणि शेंगांच्या देठांवर चकचकीत काळा मावा दाटीवाटीने बसतो. भिंगातून पाहिले की प्रत्येकाच्या पाठीच्या शेवटाकडे दोन बारीक नळ्या दिसतात. ही खूण दिसली की तो मावाच, रंग काळा असो, हिरवा असो की पिवळा. शेवंतीवरचा मावा तपकिरी-काळसर, गुलाबाच्या कळीवरचा हिरवा किंवा गुलाबट, आणि घरामागच्या मोकळ्या जागेतल्या रुईवरचा पिवळाधमक. हा पिवळा मावा रुई आणि कण्हेर यांच्याच कुळातला गिऱ्हाईक आहे, मिरचीवर किंवा गुलाबावर तो उतरत नाही, म्हणून रुई उपटून टाकण्याचा घरच्यांचा आग्रह मी मानला नाही. उलट त्या रुईवर मावा खाणारे ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या पोसल्या जातात आणि तिथून त्या बागेत येतात.

माव्याची वाढ झपाट्याने होते यामागे कारण आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत माव्याच्या माद्या नराशिवायच थेट पिल्ले देतात, आणि ती पिल्ले सुमारे आठवड्याभरात स्वतः पिल्ले देऊ लागतात. पंख नसलेल्या माव्याच्या गर्दीत मध्येच पंख असलेले मावे दिसू लागले, तर झाड फार भरले असून आता ते दुसरीकडे निघण्याच्या बेतात आहेत असे समजावे. आणखी एक गोष्ट नोंदवण्यासारखी वाटते. पानावर पांढरी भुसकट दिसली की पुष्कळ जण तिला पांढरी माशी समजतात. भिंगाखाली ती माव्याने टाकलेली कात निघते. पावट्यावर मी औषध वापरलेच नाही. शेंडे दोन बोटांत धरून चोळले, पाइपच्या जोरदार धारेने खालून धुतले, आणि युरियाचे पाणी बंद केले. नत्र जास्त झाले की शेंडा लुसलुशीत होतो, रसात नत्रयुक्त द्रव्ये वाढतात आणि मावा बहरतो. ही साखळी तोडल्याशिवाय धुण्याला अर्थ नसतो.

मिरचीने मात्र जास्त वेळ घेतला, आणि माझ्या मते ओळखीचे महत्त्व मिरचीइतके दुसरे कोणतेही झाड शिकवत नाही. संकेश्वरी मिरचीची रोपे मी मुद्दाम लावली होती, आणि त्यांची पाने आखडू लागली तेव्हा पाहणाऱ्या प्रत्येकाने ‘बोकड्या’ असे एकच नाव घेतले. आखडण्याची दिशा पाहिली तर त्यात तीन वेगळी दुखणी निघतात. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून पान होडीसारखे खोलगट झाले असेल तर ते काम फुलकिड्यांचे. कडा खाली वळल्या असतील, पान अरुंद आणि देठ लांबलेला दिसत असेल, तर ते डोळ्यांना न दिसणाऱ्या पिवळ्या कोळ्याचे. आणि पाने लहान, पिवळी, शिरा जाडावलेल्या, झाड खुरटलेले आणि गुच्छ झाल्यासारखे असेल, तर पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचे. पहिल्या दोन्हींवर उपाय आहेत; तिसऱ्यात ते रोप उपटून काढणे एवढाच मार्ग राहतो, कारण विषाणू झाडाच्या आत गेलेला असतो आणि कोणतीही फवारणी त्याला बाहेर काढत नाही.

पांढरा कागद इथे उपयोगी पडला. फांदीखाली कागद धरून वर दोन-तीन टिचक्या मारल्या की काही बारीक, लांबट, पिवळसर रेघा कागदावर पडतात आणि क्षणभर थांबून चालू लागतात, ते फुलकिडे. पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी ओरखडे आणि त्यांत काळे ठिपके दिसतात, ते ठिपके म्हणजे त्यांची विष्ठा. आमच्या पाच रोपांपैकी तिघांवर फुलकिडे, एकावर पिवळ्या कोळ्याची लक्षणे आणि एकावर विषाणूची लक्षणे होती. म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या कुंड्यांना एकच औषध देणे किती व्यर्थ ठरले असते, हे त्या सकाळी स्पष्ट झाले. विषाणूचे रोप पिशवीत घालून कचऱ्यात दिले. फुलकिड्यांची कोशावस्था मातीत जाते, म्हणून त्या कुंड्यांची वरची माती हलवून वर वाळलेल्या पाचटाचा थर दिला, निळे चिकट सापळे लावले आणि निंबोळी अर्काची फवारणी सुरू केली. पिवळ्या कोळ्याच्या रोपाला पाण्यात विरघळणारे गंधक, लिटरला दोन ग्रॅम, तेही संध्याकाळी. कडक उन्हात गंधकाने पाने करपतात, आणि कडुनिंबाचे तेल मारल्यावर पंधरा दिवसांच्या आत गंधक मारू नये, हे दोन्ही नियम पाळावेच लागतात.

निंबोळी अर्काविषयी थोडे सविस्तर लिहिते. पाच टक्के अर्काचे शेतातले माप घरच्या मापात आणले तर एक लिटर पाण्याला पन्नास ग्रॅम सुकलेल्या निंबोळ्यांची भरड पडते. ती रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळून गाळायची, आणि पाने ओली व्हावीत म्हणून त्यात साबण घालायचा. मृत्यू तातडीने दिसत नाही. कीड खाणे थांबवते, पिल्लांची कात नीट पडत नाही आणि अंडी घालणे कमी होते. आज फवारले आणि उद्या पाहिले तर ‘काही झाले नाही’ असेच वाटेल. दर सात-आठ दिवसांनी फवारणी पुन्हा करावी लागते, कारण पानातली अंडी मागच्या फवारणीतून सुटलेली असतात आणि मधल्या काळात त्यांतून पिल्ले बाहेर येतात.

साबणाचा मामला त्याहून गमतीचा निघाला. साबणाचे पाणी मऊ अंगाच्या किडींना अंगावर पडले तरच मारते, वाळले की निष्प्रभ होते, म्हणून ते खरोखर अंगावर पडावे लागते. आमच्या बोअरवेलच्या पाण्यात साबण घातला की फेस येत नाही, वर पांढरी साय धरते. जड पाण्यातले कॅल्शियम साबणाला पकडून ठेवते आणि फवाऱ्यात उरते निरुपयोगी गढूळ पाणी. नळाच्या पाण्यात तेच मिश्रण नीट जमले, तेव्हा फवारणीसाठी नळाचे पाणी वेगळे भरून ठेवू लागले. प्रमाण लिटरला पाच मिलिलिटर द्रवरूप साबणाचे. कपडे धुण्याची पावडर मात्र वापरू नये, तिच्यातील क्षारांनी कोवळी पाने करपतात. कोणतेही नवे मिश्रण आधी एका फांदीवर मारून दोन दिवस थांबणे हा माझा शिरस्ता आहे.

आता जास्वंदीकडे येते, कारण खरी झुंज तिथे झाली. उन्हाळा चढू लागला तसे कळ्यांच्या देठांवर आणि पेऱ्यांमध्ये कापसाचे पुंजके दिसू लागले. हा पिठ्या ढेकूण. भिंगाखाली दोन जाती वेगळ्या काढता आल्या. पाठीवर काळपट ठिपक्यांच्या दोन ओळी असलेली ती कपाशीवर येणारी, आणि अंग पिवळे असून चिरडल्यावर पिवळा रस सोडणारी ती पपईवरची. दुसरीचा इतिहास उद्बोधक आहे. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतली ही कीड भारतात 2008 साली कोइमतूरला आढळली, पुढे महाराष्ट्रातल्या पपईबागांपर्यंत पोहोचली, आणि तिच्यासाठी 2010 मध्ये पोर्तो रिकोहून ‘अ‍ॅसेरोफेगस पपायी’ नावाची सूक्ष्म परोपजीवी गांधीलमाशी आणून सोडण्यात आली. औषधांनी आटोक्यात न आलेली कीड त्या माशीने आटोक्यात आणली. हे वाचल्यावर मी आमच्या पपईवर भिंग अधिक लक्षपूर्वक फिरवू लागले.

मेणाच्या पांढऱ्या थरामुळे पिठ्या ढेकणावर पाणी टिकत नाही, म्हणून नुसता अर्क घसरून जातो. वरच्या फांद्यांवर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुंजके टिपले, फार भरलेले शेंडे छाटून पिशवीत बंद केले, आणि राहिलेल्यांवर साबणासह निंबोळी अर्क मारला. तरीही ते परत येत होते. माझा मामेभाऊ शिरोळ तालुक्यात ऊस करतो; तो घरी आला असता परसात उभा राहून त्याने झाडाकडे नव्हे, झाडाच्या बुंध्याकडे पाहिले. खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात होती. “ताई, आधी मुंग्या आडवा, औषधाचं मग बघू,” एवढेच तो म्हणाला.

त्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. रसात साखर जास्त आणि नत्र थोडे, म्हणून या किडींना भरपूर रस ओढावा लागतो आणि जादा साखर त्या मागून चिकट थेंबांच्या रूपाने टाकतात. हा मधरस खाण्यासाठी मुंग्या येतात आणि मोबदल्यात किडींची राखण करतात. ढालकिडा किंवा परोपजीवी माशी जवळ आली की तिला हाकलतात, कधी पिल्लांना उचलून नव्या फांदीवरही नेतात. खोडाभोवती कापडाची पट्टी बांधून तिच्यावर ग्रीस लावले. ग्रीस थेट सालीवर लावलेले नव्हते, त्याने साल बिघडू शकते. भिंतीला टेकणाऱ्या फांद्या छाटल्या, नाहीतर तोच त्यांचा पूल झाला असता. परसाच्या कोपऱ्यात, लहान मुले आणि मांजर पोहोचणार नाहीत अशा बंद डबीला भोके पाडून साखरेच्या पाण्यात थोडा टाकणखार ठेवला. फवारणी मुद्दाम थांबवली.

काही दिवसांत जास्वंदीवर आणखी मोठे, केसाळ, पांढरे ‘ढेकूण’ दिसू लागले. घरात सर्वांना वाटले की कीड बळावली. भिंगातून पाहिले तर त्यांच्या मेणाच्या झालरी लांब होत्या, ते भराभर चालत होते आणि एकाने तोंडात पिठ्या ढेकणाचे अंडे धरलेले होते. ही क्रिप्टोलेमस नावाच्या ढालकिड्याची अळी. पिठ्या ढेकणासारखाच वेश घेऊन ती त्यांच्यातच वावरते. हा किडा मूळचा ऑस्ट्रेलियातला, 1898 मध्ये भारतात आणलेला, आणि आता आपल्याकडे स्थिरावलेला. त्याच काळात काही ढेकूण फुगून तपकिरी, कातडी पिशवीसारखे झालेले आढळले, आणि पुढे त्यांना गोल भोक पडलेले दिसले. त्या भोकांतून परोपजीवी माश्या बाहेर पडल्या होत्या. ही दोन्ही दृश्ये फवारणी चालू असताना कधीच दिसली नव्हती.

मामेभावाने त्या वेळी उसावरच्या लोकरी माव्याची आठवण सांगितली. 2002 साली सांगलीकडे तो दिसला आणि बघता बघता आपल्या जिल्ह्यातल्या उसाच्या फडांवर पांढरी लोकर पसरली, खालची पाने मधरसावर वाढणाऱ्या काजळी बुरशीने काळी झाली. त्या वेळी डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींच्या अळ्या असलेली पाने तोडून दुसऱ्या फडात लावण्याचा प्रयोग गावोगाव झाला आणि कीड हळूहळू बसली. औषधाच्या दुकानासमोर रांग लावण्याची सवय असलेल्या शेतकऱ्याला त्या काळी पाने वाटून घ्यायला लागली, हे तो आजही हसत सांगतो. त्याच धर्तीवर मीही क्रिप्टोलेमसच्या अळ्या असलेली एक डहाळी तोडून पपईच्या पानांत अडकवली.

गुलाबावरच्या कोळ्यांची गोष्ट थोडक्यात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या उन्हात पानांवर बारीक पिवळे टिपके पडून पान धुरकट दिसू लागते आणि खाली अतिशय विरळ जाळी धरते. इथेच आठ पायांचा मुद्दा येतो. फवारणीच्या दुकानात सहज हाती दिले जाणारे इमिडाक्लोप्रिड कोळ्यांवर चालत नाही. ते कीटकांसाठी आहे. कोळ्यांना हवी असते ती कोरडी, धुळकट हवा. रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याची धार मारली, कुंड्या भिंतीच्या तापापासून दूर केल्या आणि पुढे वळवाचा पाऊस आला. एवढ्यावर ते भागले.

इमिडाक्लोप्रिडविषयी माझे मत स्पष्ट आहे. ते झाडाच्या अंगात भिनते, म्हणून लपलेल्या किडीलाही मारते, हे खरे. पण त्याच मार्गाने ते मकरंदात आणि परागांतही जाते. युरोपीय संघाने 2018 मध्ये मोकळ्या शेतातील त्याच्या वापराला बंदी घातली ती मधमाश्यांमुळेच. आमच्या तुळशीवर सकाळी मधमाश्यांचा राबता असतो आणि कढीपत्ता, मिरची तर रोज स्वयंपाकात जातात. घरच्या बागेत या औषधाला जागा नाही असे मी ठरवले आहे. ज्यांना शेतात रसायने वापरावीच लागतात, त्यांनी डब्यावरचा त्रिकोण तरी पाहावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्या मानाने सौम्य.

पावसाळा लागला तसे चित्र बदलले. जूनच्या शेवटी झड लागली की मावा आणि फुलकिडे धुऊन जातात, त्यांच्यासाठी काही करावे लागत नाही. खवले कीड आणि पिठ्या ढेकूण मात्र छज्जाखालच्या कुंड्यांत टिकून राहतात. या दमट हवेत लेकॅनिसिलियम या मित्रबुरशीची भुकटी उपयोगी पडते. लिटरला पाच ग्रॅम, संध्याकाळी, पावसाच्या उघडिपीत. उन्हाळ्यात हीच भुकटी जवळपास वाया जाते, कारण बीजाणू रुजायला ओलावा लागतो. बुरशीनाशक त्याच आठवड्यात मारले तर मित्रबुरशीही मरते, हे सांगायला नको.

लिंबू आणि कढीपत्ता यांचे प्रकरण अजून चालू आहे. दोन्ही एकाच कुळातली झाडे, आणि दोन्हींच्या नव्या पालवीवर सायला नावाची कीड येते. प्रौढ सायला शेपटीकडची बाजू उंच धरून तिरका बसतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येतो. पिल्ले मागून पांढरे वळलेले मेणाचे धागे सोडतात. ती लिंबाचे झाड खंगवणाऱ्या ग्रीनिंग रोगाची वाहक आहे, म्हणून पालवी फुटते तेव्हा तिच्यावर पहिली नजर ठेवावी लागते. सध्या नवी पालवी दिसली की निंबोळी अर्क आणि साबण, आणि पालवी जुनी झाली की काहीच नाही, असे धोरण आहे.

मधरस साचून लिंबाच्या पानांवर काजळी धरली होती, ती मात्र गेली. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही, केवळ साखरेवर वाढते आणि पानाचा उजेड अडवते. मैद्याची पातळ खळ शिजवून, गार करून, गाळून कोरड्या दिवशी पानांवर फवारली. ती वाळली तसे पापुद्रे सुटले आणि त्यांच्यासोबत काजळीही खाली पडली. परसातली फरशी मात्र त्या दिवशी दोनदा धुवावी लागली.